विश्लेषण : फोटो आणि डिस्क छापणारा प्रिंटर घेताना किमतीआधी शाई का पाहावी?

मोबाइलमध्ये हजारो फोटो पडून असतात. पण भिंतीवर लावायला, अल्बममध्ये ठेवायला किंवा बारशाला आलेल्या पाहुण्यांच्या हाती द्यायला कागदावरचा फोटोच लागतो. घरी किंवा दुकानात त्यासाठी इंकजेट प्रिंटर घेतला जातो. मग कुठे तो सहा महिन्यांत कोपऱ्यात पडतो, कुठे फोटो दोन वर्षांत नारिंगी पडतात. त्यातच सीडी-डीव्हीडीवर थेट नाव आणि चित्र छापायची सोय हवी असेल, तर पर्याय फारच थोडे उरतात. दुकानात सांगितली जाते ती यंत्राची किंमत. खरा खर्च आणि फोटोचे आयुष्य मात्र ठरते ते शाई, कागद आणि वापर यांवर. ते कसे, याविषयी…

डिस्कचे दिवस संपले, मग तिच्यावर छापणारा प्रिंटर कशाला?

डिस्कचा बाजार आटला आहे, यात शंका नाही. एकेकाळी जगातील मोठ्या डिस्क-उत्पादकांत गणली जाणारी भारतीय कंपनी मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह नसतोच. बाहेरून यूएसबीचा डीव्हीडी रायटर जोडावा लागतो.

तरीही डिस्क नाहीशी झालेली नाही. सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या प्रतिमा अनेक केंद्रे अजून सीडीवर देतात. सीसीटीव्हीचे चित्रीकरण पुरावा म्हणून द्यायचे असते तेव्हा पेन ड्राइव्हबरोबर डिस्कही चालते. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरची फाइल नंतर सहज बदलता येत नाही, हा तिचा गुण तिथे कामाला येतो. गायन-वादनाच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम, शाळेचे स्नेहसंमेलन, भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण यांच्या वीस-पंचवीस प्रती काढायच्या असतील तर डिस्क अजूनही हातात ठेवण्याजोगी वस्तू आहे. अशा कामात डिस्कवर नाव स्केचपेनने खरडलेले असणे आणि नीट छापलेले असणे यात फरक पडतो. रुग्णाच्या डिस्कबाबत तर तो दिसण्यापुरता राहत नाही. नाव, तारीख आणि तपासणी स्पष्ट छापलेली असेल तर दोन रुग्णांच्या सीडींची अदलाबदल टळते.

प्रिंटरमधली डिस्कची सोय भारतात टिकून राहिली त्यामागे आणखी एक गोष्ट आहे : प्लास्टिकची कार्डे. डिस्क ज्या सरकत्या ट्रेवर ठेवून छापतात, त्याच पद्धतीच्या ट्रेवर पीव्हीसी कार्ड ठेवूनही छापता येते. एप्सनच्या एल८०५ या सहा रंगांच्या प्रिंटरवर ओळखपत्रे छापणारी असंख्य दुकाने उभी राहिली. त्यासाठी वेगळे बनवलेले ट्रे बाजारात मिळू लागले. पुढच्या एल८०५० मध्ये कंपनीने कार्डाची सोय अधिकृतपणेच दिली. शाळा, सोसायटी, कार्यालय यांची ओळखपत्रे त्यावर सुबक निघतात. आधार कार्डाबाबत मात्र सावध राहायला हवे. बाजारात छापलेल्या पीव्हीसी आधार प्रतींत सुरक्षेची चिन्हे नसतात, त्यामुळे त्यांना उत्तेजन देत नसल्याचे ‘यूआयडीएआय’ने जानेवारी २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे.

स्टिकर लावला तर काय बिघडते?

प्रिंटर घेण्याआधी हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. गोल स्टिकर साध्या प्रिंटरवर छापायचा आणि डिस्कला चिकटवायचा. स्वस्त उपाय, पण टिकाऊ नाही. स्टिकर केसभर जरी एका बाजूला गेला तरी वेगाने फिरणाऱ्या डिस्कचा तोल जातो. उष्णतेने डिंक सुटतो, कडा उचलते आणि ती ड्राइव्हमध्ये अडकू शकते. एकदा चिकटलेला स्टिकर ओढून काढणे तर सीडीच्या मुळावरच येते. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, छापील पृष्ठभागाच्या लगेच खाली असतो आणि त्यावर लाखेचे पातळ आवरण तेवढे असते. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित. अमेरिकेतील ‘एनआयएसटी’ या मानक संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दीर्घकाळ जपायच्या डिस्कवर चिकटपट्टीची लेबले लावू नयेत असेच सांगितले आहे.

थेट छपाईसाठी डिस्क मात्र ‘इंकजेट प्रिंटेबल’ हवी. तिच्या वरच्या बाजूला शाई शोषणारा पांढरा लेप असतो. चंदेरी, कंपनीचे नाव असलेल्या साध्या डिस्कवर शाई बसत नाही. बोट लावले की पुसली जाते. अशाच पांढऱ्या दिसणाऱ्या ‘थर्मल प्रिंटेबल’ डिस्कही बाजारात असतात. त्या वेगळ्या यंत्रासाठी असतात आणि त्यांच्यावर इंकजेटची शाई टिकत नाही. पाकिटावरचा शब्द न वाचता पन्नास डिस्कचा डबा उचलणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

दुसरी मेख मधल्या भोकाची. साध्या प्रिंटेबल डिस्कवर लेप मध्यापासून सुमारे ४६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर सुरू होतो. ‘हब प्रिंटेबल’ डिस्कवर तो जवळपास भोकापर्यंत, सुमारे २३ मिलिमीटर व्यासापर्यंत येतो. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये आतला आणि बाहेरचा व्यास हातातल्या डिस्कप्रमाणे भरावा लागतो. चुकीचा भरला तर शाई मधल्या पारदर्शक कड्यावर किंवा ट्रेवर पडते आणि पुढच्या डिस्कच्या वाचायच्या बाजूला लागते. म्हणून पहिली छपाई नेहमी वाया गेलेल्या डिस्कवर करून पाहावी.

क्रमही महत्त्वाचा. आधी डिस्कवर माहिती लिहावी, ती उघडते का पाहावे आणि मगच छापावे. उलट केले तर हाताळताना उमटलेले ठसे आणि धूळ यांमुळे लिहिताना चुका होऊ शकतात. छापल्यावर डिस्क उन्हापासून दूर, पूर्ण दिवसभर तरी सुकू द्यावी. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हा वेळ वाढवलेलाच बरा, कारण साध्या प्रिंटेबल लेपाला ओलावा सोसत नाही. दमट हातानेही अक्षरे फिसकटतात. पाण्याला दाद न देणाऱ्या चकचकीत लेपाच्या डिस्कही निघाल्या होत्या. त्या महाग, आणि आता दुर्मीळ.

डाय की पिगमेंट?

इंकजेटची शाई दोन प्रकारची असते. डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, चहात साखर विरघळावी तसा. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. डाय शाई चकचकीत फोटो कागदाच्या लेपात मुरते, त्यामुळे रंग भडक, सखोल दिसतात आणि पृष्ठभागाची चमक तशीच राहते. पिगमेंटचे कण वरच्या थरात बसतात. पाणी आणि उजेड त्यांना तुलनेने कमी बाधतो. प्रदर्शनात लावायची, विकायची छायाचित्रे म्हणूनच पिगमेंटवर छापली जातात. मात्र तसे प्रिंटर आणि त्यांच्या शाया महाग आहेत. चाळीस-पन्नास हजारांच्या आतले बहुतेक फोटो प्रिंटर डाय शाईचेच असतात. त्यात वाईट काही नाही, पण आपल्याकडे कोणती शाई आहे हे ठाऊक असायला हवे.

गोंधळ होतो तो दोन्हींच्या मिश्रणात. घर आणि कार्यालयासाठीच्या अनेक चार रंगी प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीच्या तीन डाय असतात. साध्या कागदावर अक्षरे ठसठशीत यावीत म्हणून ही योजना. पण ती काळी शाई चकचकीत कागदात मुरत नाही. म्हणून फोटो छापताना प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि निळा, गुलाबी, पिवळा मिसळून काळा बनवतो. नवरीच्या केसांचा काळा किंचित तपकिरी, मळकट दिसतो तो यामुळे. प्रिंटर बिघडलेला नसतो. तो त्या कामासाठी बनवलेलाच नसतो.

चारऐवजी सहा रंगांनी काय साधते?

इंकजेट फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. गालावरचा फिकट रंग किंवा सकाळचे आकाश दाखवायला चार रंगी प्रिंटर गडद शाईचे ठिपके विरळ टाकतो. विरळ ठिपके डोळ्यांना जाणवतात, चेहरा खरबरीत भासतो. सहा रंगी प्रिंटरात फिकट निळी आणि फिकट गुलाबी अशा दोन शाया जास्त असतात. त्यांचे ठिपके दाट टाकता येतात आणि त्वचा सलग दिसते. काही प्रिंटरांत त्याऐवजी करडी शाई दिलेली असते. कृष्णधवल फोटो हिरवट किंवा जांभळट न होता खरोखर कृष्णधवल येतो तो तिच्यामुळे. आजी-आजोबांचे जुने फोटो स्कॅन करून पुन्हा छापणाऱ्याने ही करडी शाई आवर्जून पाहावी.

डीपीआयचे मोठमोठे आकडे मात्र फारसे मनावर घेऊ नयेत. ४ बाय ६ इंची फोटोला ३०० डीपीआयच्या हिशेबाने १२०० बाय १८०० पिक्सेल, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल लागतात. कोणताही साधा मोबाइल त्याहून जास्त देतो. घात होतो तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवल्याने. तिथे तो आकसतो. छापायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला तर मूळ फाइल तशीच येते, आणि चांगला प्रिंटर घेऊनही फोटो पुसट का, हा प्रश्न निम्म्या वेळा तिथेच सुटतो.

फोटो नारिंगी का पडतो?

२००० साली एप्सनने स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे दोन प्रिंटर आणले. फोटो छान येत. प्रकाशात ते दहा वर्षे टिकतील, असे सांगितले गेले होते. काही ग्राहकांचे फोटो मात्र काही दिवसांतच नारिंगी पडू लागले. काहींचे तसेच चांगले राहिले. कारण निघाले हवा. टिकाऊपणाच्या चाचण्या प्रकाशाखाली झाल्या होत्या, आणि फोटोंवर हल्ला केला होता हवेतील ओझोनने. त्या चकचकीत कागदाच्या सच्छिद्र लेपातून ओझोन आत शिरे आणि निळी शाई खाऊन टाकी. निळा गेला की उरतात गुलाबी आणि पिवळा, म्हणजेच नारिंगी.

त्यानंतर शाया सुधारल्या. कंपन्या आता ‘शंभर वर्षे’ असे दावे करतात. ते वाचताना सोबतची अट वाचावी : कॅननच्या ‘क्रोमालाइफ १००’मधील शंभर वर्षे ही अल्बममध्ये ठेवलेल्या फोटोची आहेत, उघड्यावर लावलेल्या नव्हे. आपल्या घरांत दिवंगतांचा फोटो भिंतीवर असतो, त्याला हार असतो, समोर उदबत्ती असते. काचेविना लावलेल्या डाय शाईच्या फोटोला यातली प्रत्येक गोष्ट मारक आहे. ओल्या हाराचे पाणी उतरले तर रंग ओघळतो. काचेची फ्रेम हा इथला सर्वात स्वस्त विमा. मूळ निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही असा एकुलता एक जुना फोटो असेल, तर मूळ प्रत अल्बमात आणि छापलेली प्रत भिंतीवर, अशी वाटणी करणे शहाणपणाचे.

कार्ट्रिज की टँक?

एप्सनने एल८०५ साठी सांगितलेला आकडा उपयोगी पडतो. ७० मिलिलिटरच्या सहा बाटल्यांत ४ बाय ६ इंची सुमारे १,८०० फोटो. म्हणजे एका फोटोला साधारण पाव मिलिलिटरहून थोडी कमी शाई. हाच हिशेब छोट्या कार्ट्रिजला लावला तर चित्र उघडे पडते : पाच मिलिलिटर रंगीत शाईची कार्ट्रिज विशीच्या आसपास फोटोंत रिकामी. चार-पाच हजारांचा कार्ट्रिज प्रिंटर घेऊन घरच्या लग्नाचे शंभर फोटो छापायला बसलेल्याला शाईवर प्रिंटरएवढाच खर्च करावा लागतो तो यामुळेच.

टँकमध्ये उलटे. समजा एक बाटली ५०० रुपयांची. सहा बाटल्यांचे ३,००० रुपये भागिले १,८००, म्हणजे फोटोमागे पावणेदोन रुपयांच्या आत शाई. चांगल्या कागदाला त्याहून जास्त पैसे पडतात. पासपोर्ट फोटो काढणाऱ्या दुकानाला हे गणित फारच मानवते, कारण ४ बाय ६ इंचाच्या एका कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात.

पण हा हिशेब रोज छापणाऱ्याचा आहे. कमी छापणाऱ्याच्या खर्चात एक न दिसणारी बाब असते, ती म्हणजे सफाई.

न वापरता प्रिंटर का बिघडतो?

प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक छिद्रे असतात. काही आठवडे छपाई झाली नाही की त्यांत शाई सुकते, आणि उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ती लवकर सुकते. फोटोवर आडव्या रेघा येतात. मग ‘हेड क्लीनिंग’ करावे लागते, म्हणजे शाई जोराने ओढून छिद्रे मोकळी करायची. ही शाई तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. बिनकडेचा फोटो छापतानाही कागदाबाहेर पडणारे थेंब शोषून घ्यावे लागतात. पॅड भरल्याची नोंद प्रिंटर स्वतः ठेवतो आणि मर्यादा गाठली की छपाई थांबवतो. जुन्या मॉडेलांत त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. काही नव्या मॉडेलांत ‘मेन्टेनन्स बॉक्स’ असतो, तो घरीच बदलता येतो. विकत घेताना हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तालुक्याच्या गावी, जिथून सर्व्हिस सेंटर साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, तिथे तो पहिला असायला हवा.

उपाय साधा आहे. आठवड्याला एखादा रंगीत फोटो छापावा. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या स्विचने नव्हे. बटणाने बंद केल्यावरच हेड आपल्या झाकणावर जाऊन बसते.

स्थानिक बाजारातील स्वस्त ‘कंपॅटिबल’ शाईचा मोह दुकानदारांना होतोच. ओळखपत्रे आणि पासपोर्ट फोटो वर्ष-दोन वर्षेच लागतात, तिथे ती चालून जाते, असा अनेकांचा व्यवहार आहे आणि त्यात तथ्य आहे. पण टिकाऊपणाचे सगळे दावे मूळ शाई आणि मूळ कागद या जोडीचे असतात. ग्राहक अल्बममध्ये लावायचा फोटो मागत असेल तर स्वस्त शाईने छापून देणे म्हणजे त्याला न सांगता दोन वर्षांचा माल विकणे. अनोळखी शाईने हेड निकामी झाले तर वॉरंटीवरूनही वाद होतो, आणि हेड हा प्रिंटरचा सर्वात महाग भाग.

मग कोणी काय घ्यावे?

वर्षाला पन्नास-शंभर फोटो छापणाऱ्या कुटुंबाने इंकजेट फोटो प्रिंटर घेऊच नये. लॅबमधून छापून आणणे स्वस्तही पडते आणि टिकाऊही. घरीच हवेत तर कॅनन सेल्फीसारखा छोटा डाय-सब्लिमेशन प्रिंटर बरा : त्यात शाई नसते, रंगाची फीत असते, महिनोन्‌महिने न वापरता काही सुकत नाही आणि कागद-फीत एकत्र मिळत असल्याने फोटोमागचा खर्च आधीच कळतो. डिस्क मात्र त्यावर छापता येत नाही.

पासपोर्ट फोटो, ओळखपत्रे, अधूनमधून डिस्क अशी मिश्र कामे असलेल्या दुकानाला एल८०५० सारखा सहा रंगी टँक प्रिंटर सोयीचा. मोठे, ए३ आकाराहून थोडे मोठे फोटो आणि डिस्क दोन्ही हवे असतील तर एल१८०५०, किंवा करड्या शाईचा आणि स्कॅनर असलेला एल८१८०. कॅननच्या पिक्स्मा मालिकेतही काही मॉडेलांत डिस्क ट्रे असतो, पण एकाच मालिकेत एका मॉडेलला तो असतो आणि शेजारच्याला नसतो. वेबसाइटवरच्या तपशिलात डिस्क छपाईचा स्पष्ट उल्लेख असेल आणि खोक्यात ट्रे प्रत्यक्ष दिसत असेल तरच पैसे द्यावेत. जुना प्रिंटर वापरलेला घेताना तर ट्रे हरवलेला असण्याचीच शक्यता जास्त, आणि दुसऱ्या मॉडेलचा ट्रे बसेलच असे नाही.

दुकानात जाताना आपला एक फोटो मूळ फाइलसह आणि एक प्रिंटेबल डिस्क सोबत न्यावी. कंपनीचा नमुना फोटो फुलांचा आणि पोपटांचा असतो. त्यात सगळेच प्रिंटर छान दिसतात. सावळा चेहरा, पांढरे धोतर आणि काळे केस एकत्र असलेला फोटो छापून घ्यावा. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी’ निवडलाय ना, हे पाहावे. ‘प्लेन पेपर’वर राहिला तर शाई तळ्यासारखी साचते आणि चांगला प्रिंटरही नापास होतो. शेवटी ‘नोझल चेक’चा कागद काढायला सांगावा. त्यात एखादी रेघ जरी तुटक दिसली, तरी शोकेसमधले ते यंत्र न घेता सीलबंद खोका मागावा.